'एक चिकित्सक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, वेळ असेल तरच वाचा)

मागच्या पोस्टमध्ये मी अ‍ॅडव्हेंचर टाइम या कार्टून मालिकेच्या (फिन नावाचा मुलगा आणि जेक हा त्याचा बोलणारा कुत्रा यांच्या गोष्टी) सगळ्यात पहिल्या डीव्हीडीबद्दल लिहिलं होतं, 'माय टू फेव्हरिट पीपल' नावाची, पहिल्या दोन सीझनमधले निवडक बारा भाग असलेली. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्यांनी ही मालिका कधीच बघितली नाहीये त्यांनी बिनधास्त या डिस्कपासून सुरुवात करावी, भाग उलटसुलट लावलेत म्हणून काही बिघडत नाही. त्यावर 'एक चिकित्सक' या नावाने एक भलीमोठी कमेंट आलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी ज्या डिस्कचं कौतुक केलं ती कंपनीने पैसे उकळायला काढलेली खिचडी आहे, सीझनचे पूर्ण सेट सोडून ती घेणारा माणूस बावळट आहे, चित्र ब्ल्यू-रेसारखं दिसत नाही, आजकाल सगळं ऑनलाइन मिळतं, मी आइस किंग या खलनायकाचं गुपित फोडलं, फियोना आणि केकचा (फिन-जेकचं मुलगी आणि मांजर झालेलं रूप) साधा उल्लेखही केला नाही, आणि मग ते वाक्य, जे मी जसंच्या तसं देतोय: "ज्यांना मालिका क्रमाने बघायची अक्कल नाही त्यांनी तिच्यावर लिहूच नये, हे म्हणजे हास्यास्पद आहे."

तर चिकित्सक साहेब (की बाई, नाव लपवल्यामुळे कळायला मार्ग नाही), आधी एक मान्य करून टाकतो म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. आइस किंगबद्दल लिहिताना वर 'पुढे गोष्ट उघड केलीय' अशी सूचना टाकायला हवी होती. आता टाकलीय. ते गुपित ज्या भागात उघड होतं तो २०११ च्या डिसेंबरमध्ये येऊन गेलाय आणि त्यानंतर इतक्या वर्षांत ज्याला बघायचा होता त्याने बघितलाय, पण ठीक आहे, तुमचा मुद्दा बरोबर.

आता ते वाक्य.

'लिहूच नये'. हा 'च' कुठून येतो हो? मी काही सरकारी समितीवर बसून निकाल देत नव्हतो. माझा ब्लॉग आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोणाला ओढून आणत नाही. तुम्ही 'मला पटलं नाही' म्हणाला असतात तर मी दोन ओळीत उत्तर देऊन चहा प्यायला गेलो असतो. पण अक्कल काढलीत, मग आता ऐकून घ्या. आणि गंमत म्हणजे मी मालिका क्रमाने बघितलेली नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? पोस्टच्या तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय की नंतर मी दहाही सीझन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले, एकूण २८३ भाग, ५ एप्रिल २०१० ला सुरू झालेली मालिका ३ सप्टेंबर २०१८ ला संपली तिथपर्यंत. तिसरा परिच्छेद. तिथपर्यंत पोचायच्या आधीच कमेंट टाइप करायला घेतली असणार, दुसरं काय.

मुळात क्रम क्रम म्हणताय तो कुठला क्रम? पहिल्या सीझनचे भाग ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने टीव्हीवर दाखवलेच नाहीत. पहिला म्हणून जो दाखवला, 'स्लंबर पार्टी पॅनिक', तो बनवलेला पहिला भाग नव्हे. म्हणजे चॅनेलनेच पत्ते पिसून वाटले. आणि बनवणारेही काही सगळ्या गोष्टीचा नकाशा भिंतीवर टांगून बसले नव्हते. या मालिकेत पटकथा अशी हातात येतच नसायची, एक छोटी रूपरेषा ठरायची आणि मग स्टोरीबोर्ड काढणारी मंडळी, बहुतेक वेळा दोघांची जोडी, चित्रं काढता काढता संवाद स्वतःच लिहायची, आणि मग ते सगळं अ‍ॅनिमेशनसाठी कोरियात जायचं. म्हणून तर एका भागात सगळे वेड्यासारखे गाणी म्हणतायत आणि पुढच्यात पोटात गोळा येतो. पाचव्या सीझनमध्ये डेव्हिड ओ'रायली नावाच्या माणसाला बोलावून एक अख्खा भाग थ्रीडीत करून घेतला, १ एप्रिलला दाखवला, सगळं जग कॉम्प्युटर बिघडल्यासारखं तुटतंय. सहाव्यात जपानच्या मासाआकी युआसाने 'फूड चेन' केला, त्यात फिन आणि जेक एकामागून एक अन्नसाखळीतले जीव बनतात. सांगा बरं, हे दोन भाग क्रमात नेमके कुठे बसवता? कुठेही बसवा, चालतात. अकरा अकरा मिनिटांचे तुकडे आहेत ते.

आमच्याकडे गणपतीत आरत्यांवरून अशी भांडणं होतात, सुखकर्ता पहिली एवढं सगळ्यांना मान्य, मग शंकराची की देवीची यावरून काका आणि शेजारचे आजोबा टाळ हातात धरून वाद घालायचे, आणि तेवढ्यात बायका तिसरीच सुरू करायच्या. कोणाचं काही अडलं नाही.

तुमच्या म्हणण्यात जो काही दम आहे तो सायमनच्या, म्हणजे आइस किंगच्याच, बाबतीत आहे, आणि तो मी पोस्टमध्ये लिहिलाच होता पण तुम्हाला दिसला नाही म्हणून परत लिहितो. (सूचना टाकलीय, आता तक्रार नको.) सुरुवातीला आइस किंग म्हणजे निव्वळ गमतीदार खलनायक, लांब दाढी, लांब नाक, राजकन्यांना पळवून आणतो आणि त्यांनी आपल्याशी लग्न करावं म्हणून रडतो. मग तिसऱ्या सीझनमध्ये 'हॉली जॉली सीक्रेट्स' येतो. फिन आणि जेकच्या हाती त्याच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट लागतात, दोघं चोरून बघत बसतात, कॅसेटमागून कॅसेट, सगळ्यात काहीतरी फालतू चाललेलं. आणि शेवटी एक कॅसेट लागते त्यात चष्मा घातलेला एक साधा माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय, मी सायमन पेट्रिकॉव्ह, जुन्या वस्तूंचा अभ्यास करतो, हा मुकुट मी विकत घेतला, डोक्यावर घातल्यापासून मला काहीबाही दिसायला लागलंय. दर थोड्या वेळाने तो जास्त निळा, जास्त म्हातारा, बोलणं तुटक. ज्या बाईशी त्याचं लग्न ठरलं होतं तिला तो लाडाने प्रिन्सेस म्हणायचा. ती सोडून गेली. बस. दोन सीझन ज्या राजकन्या पळवण्यावर आपण हसलो ते हसू तिथे घशात अडकतं.

आता तुम्ही म्हणता हा धक्का क्रमाने बघणाऱ्यालाच बसतो. मी म्हणतो उलटाही बसतो, आणि हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्या भाच्याने आधी 'आय रिमेंबर यू' बघितला, चौथ्या सीझनमधला, ज्यात मार्सेलिन ही व्हॅम्पायर मुलगी जुन्या कागदांच्या कपट्यांवरून सायमनने तिला लहानपणी लिहिलेलं आइस किंगला वाचून दाखवते आणि त्याला काहीच आठवत नाही, तो बसून त्याचं गाणं करतो. त्याला तेव्हा काही धड कळलं नाही, एवढंच विचारलं की हे आजोबा तिला ओळखत का नाहीत. नंतर त्याच्यासमोर माझी ती 'खिचडी' डिस्क लागली, तीच, पहिल्या दोन सीझनवाली. त्यात आइस किंग एका राजकन्येला उचलून उडतोय, बाकीचे सगळे हसतायत, आणि हा पोरगा म्हणतो, अरे त्याला सांगा ना कोणीतरी. क्रमाने बघणाऱ्या तुमच्यासारख्यांना त्या सीनवर हे वाटणं शक्यच नाही, कारण तुम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. मग कोणाचं बघणं कमी पडलं?

जगबुडीचंही तेच. मश्रूम वॉर नावाचं युद्ध होऊन गेलंय आणि आपण बघतोय ते 'ऊ' नावाचं हे सगळं रंगीबेरंगी जग म्हणजे आपल्याच जगाचे अवशेष आहेत, हे मालिका कधी एकदम सांगत नाही. पहिल्याच सीझनमध्ये 'बिझनेस टाइम' नावाचा भाग आहे, हिमनगात गोठलेले टाय लावलेले ऑफिसवाले वितळून बाहेर येतात आणि काम मागतात. तेवढाच इशारा. मग पृथ्वीचा एक मोठा लचका तुटलेला दिसतो मधूनच. कुठल्याही भागातून आत शिरा, जमिनीत काहीतरी पुरलेलं असतंच. ही मालिका अशी बांधलीय म्हणून तर ती उलटसुलट चालते, पहिल्यापासूनच एका रेषेत जाणारी असती तर मीच सांगितलं असतं की ही डिस्क घेऊ नका.

आणि क्रमाची अक्कल वगैरे, तर ज्या लोकांचं बालपण केबलवर गेलंय त्यांना कृपा करून क्रम शिकवू नका. आम्ही डोंबिवलीला राहायचो, १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं, रोज ठराविक वेळी कार्टून संपायची आणि त्याच चॅनेलवर टीएनटी नावाच्या दुसऱ्या चॅनेलचे जुने इंग्रजी पिक्चर सुरू व्हायचे, कृष्णधवल, कोणीतरी टोपी घालून सिगरेट ओढतंय. केबलवाल्याची लाइट गेली की अर्धा भाग गेला. परत कधी लागेल देव जाणे. दुसरा भाग आधी, पाचवा नंतर, पहिला कधीच नाही, आणि तरी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना कोण कोणाचा शत्रू हे पाठ होतं, कारण मधल्या सुट्टीत आम्ही गाळलेल्या जागा एकमेकांकडून भरून घ्यायचो. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, तरी. त्या शिकवणीवर मी आज इतकी वर्षं कार्टून बघतोय आणि लिहितोय, तुम्ही कधीपासून बघताय ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आता 'सीझनचे सेट सोडून खिचडी घेणारा बावळट' याबद्दल. तारखा बघा, मग बोला. 'माय टू फेव्हरिट पीपल' आली २७ सप्टेंबर २०११ ला. पहिल्या सीझनचा पूर्ण सेट आला १० जुलै २०१२ ला. ब्ल्यू-रे तर २०१३ मध्ये. माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला आला २०११ च्या, त्याने दुकानातून उचलून आणली तेव्हा सेट नावाची वस्तू जगात नव्हती. मी काय टाइम मशीनमधून मागवायचा होता? आणि आणल्यावरही ती लागेल तर शपथ. डीव्हीडीवर कुठल्या भागातल्या देशांत चालेल याचं कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात, तिकडच्या डिस्क रीजन १, आपले प्लेयर रीजन ५. घरच्या प्लेयरने सरळ तोंड फिरवलं, कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला रीजन बदलता येतो पण पाचदाच, पाचव्यानंतर तो कायमचा तिथेच अडकतो, म्हणून ते धाडस केलं नाही. शेवटी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात जुना प्लेयर घेतला, दुकानदाराने ट्रे बाहेर काढून रिमोटवर एक कोड मारला, स्क्रीनवर रीजनच्या जागी शून्य आलं, म्हणाला आता कुठलीही टाका. घरी येऊन लावली आणि पहिला जो भाग लागला त्यात जेकची मैत्रीण लेडी रेनिकॉर्न हिच्या गळ्यात भाषांतराचं यंत्र अडकवलंय, ती बोलते कोरियनमध्ये आणि यंत्रातून येतो एका म्हाताऱ्याचा विचित्र आवाज. आईने स्वयंपाकघरातून विचारलं हे काय लावलंयस. ही माझी 'खिचडी'. तिच्याबद्दल कोणी हास्यास्पद म्हणालं की मला राग येतो, येणारच.

बाकीचे मुद्दे भराभर उरकतो कारण त्यात काही नाही. चित्र ब्ल्यू-रेइतकं स्वच्छ दिसत नाही, बरं, नाही दिसत. फियोना आणि केक या डिस्कवर नाहीत, म्हणून लिहिलं नाही, त्यांची वेगळी डिस्क आहे २०१३ ची, तिच्यावर कधी वाटलं तर लिहीन. कंपनीने पैसे कमवायला काढली, हो, कंपन्या त्याचसाठी असतात.

ऑनलाइन सगळं मिळतं म्हणणाऱ्यांना मात्र एक सांगायचंय. इन्फिनिटी ट्रेन नावाची मालिका होती, तीही अशीच चक्रम, अंत नसलेली आगगाडी आणि दर डब्यात वेगळं जग. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एचबीओ मॅक्सवरून ती एका फटक्यात काढून टाकली, बनवणाऱ्यांनाही धड कळवलं नाही. तिच्या पहिल्या दोन भागमाला डीव्हीडीवर आल्या होत्या, तिसरी आणि चौथी आलीच नाही. मग आता ज्याला तिसरी बघायचीय त्याने काय करायचं ते तुम्हीच सुचवा. माझ्या कपाटातली डिस्क कोणी रात्रीतून काढून नेऊ शकत नाही, बायको सोडून, आणि तिलाही आता जेक आवडतो. स्वतः अ‍ॅडव्हेंचर टाइमवाल्यांनी शेवटचा भाग टीव्हीवर दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर २०१८ ला, शेवटच्या सीझनांची डीव्हीडी दुकानात ठेवली. त्यांना तरी डिस्क म्हणजे अडगळ वाटत नसावी.

तुमची कमेंट मी डिलीट केलेली नाही, करणारही नाही, बावळट या शब्दासकट ठेवलीय, लोकांना वाचू दे. दुसरी कमेंट टाकायची असेल तर टाका, फक्त या वेळी तिसऱ्या परिच्छेदाच्या पुढे वाचून टाका. पुढची पोस्ट पहिल्या सीझनच्या सेटवर आहे, काही भागांवर बनवणाऱ्यांची कॉमेंटरी आहे ती ऐकून झाली की लिहीन, आणि हो, तो सेट मी क्रमानेच बघतोय.