दुर्मीळ कृष्णकमळ ‘कुणालाही देऊ नका’ म्हणणाऱ्यांसाठी

पॅसिफ्लोराच्या, म्हणजे कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींच्या, संग्राहकांमध्ये एक सल्ला फार फिरतो आहे: ‘दुर्मीळ जात मिळाली तर कटिंग कुणालाही देऊ नका, चार जणांना दिलं की तिची किंमत जाते. द्यायचंच असेल तर बी द्या, त्यातून हुबेहूब तीच वेल येते. आणि एक निरोगी वेल सांभाळली की जात सुरक्षित.’ नवखी मंडळी हे नियम म्हणून पाळू लागली आहेत, म्हणून हा खटाटोप.

किंमत जाते हे खरंच आहे. कटिंगं फिरली की विकणाऱ्याचा भाव उतरतो. वेलीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

‘एक वेल पुरे’ हा दावा मात्र सरळ घातक आहे. फ्युझेरियम या बुरशीची मर मुळांतून शिरली की भरात असलेली वेल बघता बघता सुकते, आणि औषधाने ती परत येत नाही. अशा वेळी तुम्ही पूर्वी कुणाला दिलेलं कटिंग हाच तुमचा विमा.

त्याहून मोठी गोष्ट फळधारणेची. पॅसिफ्लोराच्या साडेपाचशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या पुष्कळ स्वतःचे पराग नाकारतात. पिवळं पॅशनफ्रूट हे त्याचं ठळक उदाहरण. फूल उमलताना तिन्ही कुक्षी (पराग झेलणारी टोकं) वर उभ्या असतात, मग त्यांचे दांडे हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. तेव्हा ब्रशने त्याच वेलीचे पराग कितीही फासा, अशा जातीत फूल गळणार. शेजारी दुसरी वेल असली तरी ती त्याच वेलीच्या कटिंगची असेल तर उपयोग शून्य, कारण जनुकांच्या हिशेबाने ती दोन्ही एकच झाड. दहा जणांकडे दहा कुंड्या आणि फळ एकही नाही, असं होतं ते यामुळेच. म्हणजे नुसतं वाटूनही भागत नाही. वेगवेगळ्या बियांपासून वाढलेल्या वेली कुणाकडे आहेत हे माहीत हवं आणि पराग द्यायची-घ्यायची तयारी हवी. वेल कुलपात ठेवणाऱ्याला यातलं काहीच जमत नाही. कोलंबियाच्या डोंगरातली पॅसिफ्लोरा पॅरिटी मूळ जागीच अतिशय विरळ झाली आहे. अशा जातीचं बी धरवायचं तर दोन वेगळ्या वेलींचे मालक एकमेकांशी बोलणारे असावे लागतात.

आता ‘बियांतून हुबेहूब’. ‘इन्सेन्स’ हा वाण म्हणजे इन्कार्नाटा आणि सिन्सिनाटा या पॅसिफ्लोराच्या दोन जातींचा संकर. अशा नाव दिलेल्या संकराच्या बियांतून येणारं रोप ‘इन्सेन्स’ नसतंच, तो वाण कटिंगनेच पुढे न्यावा लागतो. शुद्ध जातीचं बीसुद्धा शेजारच्या वेलीचे पराग पोहोचले असतील तर संकरित निघू शकतं. अशा रोपावर मूळ जातीचंच लेबल लावून ते पुढे गेलं की घोळ निस्तरता निस्तरत नाही. शिवाय पाकिटात जुनं झालेलं बी रुजायला महिनोन् महिने लावतं, कधी रुजतच नाही. ताजं बी द्यावं, काढल्याची तारीख लिहून.

गंमत म्हणजे वाटण्यातला खरा धोका या सल्ल्यात आलेलाच नाही. विषाणू कटिंगबरोबर जातात, पुढे मावा ते पसरवतो. पानं चट्टेरी किंवा आक्रसलेली दिसली तर ती वेल कितीही दुर्मीळ असो, तिचं कटिंग देऊ नये आणि घेऊ नये. ब्लेड प्रत्येक वेलीनंतर स्पिरिटने पुसावं, नवी वेल काही आठवडे वेगळी ठेवावी. परदेशात पाठवायचं तर आधी त्या देशाचे नियम बघावेत. कटिंगला सहसा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ‘चार डोळ्यांची तर काडी आहे’ म्हणून पाकिटात सरकवणं चालत नाही. टार्मिनियाना ही केळ्याच्या आकाराची फळं देणारी वेल हवाई आणि न्यूझीलंडच्या जंगलांत माजली आहे, त्यामुळे तिथे ती कुणी मागितली तरी देऊ नये.

बाकीच्या जाती खुशाल द्या. फक्त लेबलवर जातीचं नाव, ती कुणाकडून कधी आली आणि बियांची की कटिंगची, एवढं लिहा.