आडवी बाटली आणि ऊसतोडीला गेलेल्या बाया

आमच्या गावात देशी दारूचं दुकान बंद करायचं का यावर बायांचं मतदान झालं, त्या दिवशी माझी चुलती सकाळी सातलाच शाळेच्या पटांगणात जाऊन बसली होती. मतदार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराच्या गाठीत बांधलेलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. काकूला अक्षर येत नाही, पण आडवी बाटली तिला कुणी समजावून सांगावी लागली नाही. तिचा थोरला पोटात पाणी होऊन बेचाळिसाव्या वर्षी गेला.

संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीकडे चिठ्ठ्यांचा ढीग, उभीकडे मूठभर. तरीही दुकान चालू राहिलं!

कारण नियमच तसा आहे. 2008 च्या शासन निर्णयाप्रमाणे आधी पाव महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो, मग त्या सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आणि दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवी पडावी लागतात. झालेल्या मतदानापैकी नाही, एकूण यादीपैकी. जी बाई आलीच नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. मतदान जानेवारीत. त्या वेळी गावात कोण असतं हे बीडमध्ये कुणाला सांगायला नको. दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलपं लागतात, नवराबायकोचा कोयता करून, म्हणजे जोडीनं, माणसं साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. या दारूनं ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय, त्याच बाया त्या दिवशी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत होत्या. मतदानासाठी कोणता मुकादम सोडणार होता त्यांना?

2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात 61 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. हाच नियम खासदारांना लावला असता, तर निवडून यायला पडलेल्या दर शंभर मतांतली 82 मतं लागली असती. किती जण दिल्लीला पोचले असते?

पिणारे सगळ्या थरांत आहेत, मला मान्य आहे. पुण्यातले माझे ओळखीचे लोकही शनिवारी बसतात. त्यांचं लिव्हर बिघडायला लागलं की तपासणीत कळतं, डॉक्टर दटावतो, विमा असतो. तोडणीचा गडी पिऊन पडला की बुडलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहते आणि ती फेडायला पुढच्या वर्षी बायकोला पुन्हा जावंच लागतं. 2025 च्या दरवाढीनंतर 180 मिली देशीची किंमत किमान 80 रुपये झाली. खुरपणीला काकूला 300 रुपये मिळतात. दोन क्वार्टरमध्ये तिची निम्म्याहून जास्त मजुरी जाते.

त्याच 2025 च्या मार्चमध्ये विधानसभेत जाहीर झालं, की सोसायटीच्या आवारात नवं दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलाच निर्णय आहे. फ्लॅटवाल्यांना दुकान यायच्या आधी विचारायचं आणि आमच्या बायांनी मात्र आलेलं दुकान हलवायला अर्ज, पडताळणी, निम्मी यादी असं सगळं करत बसायचं, याचा मला संताप येतो.

मी सरसकट दारूबंदी मागत नाही. चंद्रपूरला 2015 मध्ये केली, 2021 मध्ये उठवली. हातभट्टीचं काय होतं तेही आपण मुंबईतल्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये पाहिलं, शंभराहून जास्त माणसं गेली आणि बहुतेक सगळी हातावर पोट असलेली. (हातभट्टीवर धाड पडली की पकडली कोण जाते? बहुतेक वेळा कॅन वाहणारी बाई.) माझं मागणं एवढंच आहे: मोजणी झालेल्या मतदानावर करा, आणि ऊसतोडीच्या गावांत मतदान बाया परत आल्यावर, मे महिन्यात घ्या. आमदार-खासदारांना चालणारं बहुमत काकूलाही चालू द्या.

परवा काकूकडे गेले होते. पत्र्याच्या पेटीतून तिनं शंभर पानी वही काढली, नव्या अर्जाच्या सह्या सुरू आहेत. पहिल्या पानावर तिचा स्वतःचा अंगठा आहे. मधली चार पानं कोरी सोडलीत. म्हणाली, "ही तोडीवरच्या बायांची. पाडव्यानंतर येतील त्या."