गोळी सोडा, असं मी कुठेच लिहिलेलं नाही

नमस्कार काका,

हाडांवरचा लेख काढून टाका, असं तुम्ही सुचवलंत. तुमचं म्हणणं असं, की एचआयव्हीच्या औषधानं हाडं कमकुवत होतात हे वाचून माणसं घाबरतील आणि गोळ्या बंद करतील. शिवाय चाळिशीनंतर कंबर कुणाची दुखत नाही? दूध प्यावं, उन्हात बसावं.

कंबरदुखी वेगळी आणि हाडांची घनता घटणं वेगळं. घनता घटताना बहुधा काहीच दुखत नाही. न्हाणीत पाय घसरून मनगट मोडतं, तेव्हा कळतं. एचआयव्हीमुळे शरीरात सतत दाह राहतो आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर येतो. त्यात उपचार सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत घनता आणखी २ ते ६ टक्क्यांनी उतरते, मग बहुतेकांची स्थिरावते. सरकारी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, मिळणाऱ्या टीएलडी या एकत्रित गोळीत टेनोफोव्हिर हे औषध असतं, त्याचा यात वाटा मोठा.

तरीही गोळी चालूच ठेवायची. औषध मधूनमधून थांबवलं तर काय होतं, हे 'स्मार्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत तपासलं होतं. थांबवलेल्या गटात आजारपणं आणि मृत्यू इतके वाढले, की २००६ मध्ये नवे रुग्ण घेणंच बंद करावं लागलं. हे मूळ लेखातही आहे.

न सांगण्यानं काय होतं, ते मी इथे इंदूरला फिजिओथेरपी करताना बघते. एक बाई कंबरेसाठी येत. पर्समध्ये टीएलडीची बाटली, लेबल नखानं खरवडून काढलेलं. शेजारीच कॅल्शियमची स्ट्रिप, मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेली. दोन्ही गोळ्या रात्री झोपताना, रिकाम्या पोटी, एकदमच घेत होत्या. कॅल्शियम पोटात टीएलडीतल्याच डॉल्युटेग्रॅविर या औषधाला बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. म्हणजे हाडांच्या काळजीपोटी मुख्य औषधच दुबळं होत होतं! केमिस्टला विचारावं तर आजार सांगावा लागतो, म्हणून विचारलंच नव्हतं. दोन्ही जेवणासोबत घेतल्या तर चालतं. नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. लोहाच्या गोळीलाही हाच नियम.

दूध-उन्हाला माझा विरोध नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. पन्नाशीपुढचे पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका यांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे हाडांना लागणारं फॉस्फेटही वाया घालवू शकतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनीनची तपासणी चुकवू नये. गरज पडली तर औषध बदलता येतं, पण ते डॉक्टरांनी. बिडी-तंबाखू मात्र आजच सोडता येईल.

लेख राहू देते, काका. तुमच्या परिचयातल्या ज्या गृहस्थांचा तुम्ही उल्लेख केलात, त्यांना पुढच्या खेपेला केंद्रावर जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्यायला सांगा. ॲसिडिटीचं पातळ औषधसुद्धा. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमही डॉल्युटेग्रॅविरला अडवतं, आणि हे पातळ औषध जेवणासोबत घेऊनही उपयोग नाही, तेच २ आणि ६ तासांचं अंतर ठेवावं लागतं.