हाँगकाँगात नगरसेवक व्हायचंय? जरूर व्हा!

गेल्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर एका काकांनी हाँगकाँग-मकाव टूरचे फोटो सगळ्यांना धरून धरून दाखवले. "एक मोर्चा नाही, एक बॅनर नाही! आपल्याकडे असाच कडक कायदा पाहिजे." माझा पोह्यांचा घास घशाखाली उतरेना. तर, त्या शिस्तीच्या गावात राजकारण करायची हौस असलेल्यांसाठी चार सूचना.

पहिलं म्हणजे, निवडून येऊ नका. आलातच तर काठावर या. तिथला डिस्ट्रिक्ट कौन्सिलर म्हणजे आपला नगरसेवकच समजा. बसथांबे, गटारं, उंदीर, हीच कामं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ७१ टक्के मतदान झालं आणि लोकशाहीवाद्यांनी १८ पैकी १७ कौन्सिलं जिंकली. इतका माज कोण सहन करील?

शपथ घ्यायला सांगतील, घ्या. मनापासून घेतली की नाही, ते सरकारच ठरवील.

आणि काही झालं तरी "उमेदवार कोण हवा?" असं मतदारांना विचारू नका. जुलै २०२० मध्ये लोकशाहीवाद्यांनी मतदान घेऊन तसं विचारलं, तर सहा लाखांवर लोक आले. बेत काय, तर ७० जणांच्या विधिमंडळात बहुमत मिळवायचं आणि सरकार ऐकेना तर अर्थसंकल्प नामंजूर करायचा. मग सभागृह बरखास्त झालं आणि नव्याने निवडून आलेल्या सभागृहानेही तो फेटाळला तर मुख्य कार्यकाऱ्याने, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुखाने, पायउतार व्हायचं, हे हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यातच, म्हणजे तिथल्या राज्यघटनेतच म्हणा ना, लिहिलंय! त्यावर काकांच्या लाडक्या कडक कायद्याखाली, म्हणजे चीनने आणलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, खटला कसला, तर सत्ता उलथवण्याचा कट. जानेवारी २०२१ मध्ये भल्या सकाळी धरपकड, पुढच्याच महिन्यात ४७ जणांवर आरोप. अहो, निवडणूक तरी कुठे झाली होती? ती कोरोनाचं नाव सांगून पुढे ढकलली होती. न झालेल्या निवडणुकीत, न मिळालेल्या बहुमताने, न मांडलेला अर्थसंकल्प फेटाळण्याचा हा कट! ज्युरी नाही, तीन न्यायाधीश. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४५ जणांना शिक्षा, चार वर्षं दोन महिन्यांपासून बेनी ताई या कायद्याच्या प्राध्यापकाला दहा वर्षांपर्यंत. बहुतेक जण त्याआधीच तीन वर्षांहून जास्त काळ कोठडीत होते.

जामिनाच्या सुनावणीला पोटभर जेवून जा. वान चाय कौन्सिलची अध्यक्ष क्लॅरिस युंग मध्यरात्र उलटल्यावर कोर्टातच चक्कर येऊन पडली.

काका, बॅनर कसा दिसेल? लावणारे तुरुंगात आहेत, कुणी शिक्षा भोगून आता कुठे सुटलेत, कुणी देश सोडून गेलेत. डिसेंबर २०२३ मध्ये कौन्सिलांच्या ४७० पैकी फक्त ८८ जागा थेट मतदानाला ठेवल्या, लोकशाहीवादी पक्षांच्या एकालाही उभं राहता आलं नाही, आणि मतदान झालं २७.५ टक्के. तुमच्या गल्लीत पाणी तुंबलं की रात्री अकराला नगरसेवकाला फोन करून शिव्या घालता ना? घाला, हक्कच आहे तुमचा. पण तोच हक्क दुसऱ्यांचा काढून घेतलेला बघून टाळ्या कसल्या वाजवता?