मजकूर मंजूर आहे

निवृत्त मराठी शिक्षकाला अमळनेरात दोन भीती असतात. कोणीतरी कवितांची वही घेऊन दारात उभं राहील ही पहिली, आणि कुठल्यातरी समितीत आपलं नाव घालतील ही दुसरी. 2024 च्या फेब्रुवारीत गावात 97वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच्या आगेमागे पहिली भीती इतक्यांदा खरी ठरली की मी ती बाळगायचंच सोडलं. दुसरी माझ्या पक्षाने खरी केली.

पक्ष कोणता ते विचारू नका. तालुक्यात माणसं तीच असतात, गमछे तेवढे बदलतात. मी सदस्य कधी झालो हेही मला नीट आठवत नाही. बहुधा कोणाच्यातरी लग्नाच्या पंगतीत पावती फाडली गेली असावी. पण नोंदणीकृत पक्षाला आपल्या घटनेत आतल्या निवडणुकांचं कलम ठेवावं लागतं, निवडणूक आयोग नोंदणी करतानाच ते मागतो, आणि कलम लिहून ठेवलं की कधीतरी कोणीतरी ते वाचतं. यंदा आषाढात जिल्ह्याहून पत्र आलं. तालुकाध्यक्षपदाची निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी. त्यासाठी तीन जणांची समिती नेमावी. समितीने मतदारयादी तपासावी, मतदान घ्यावं आणि उमेदवारांच्या प्रचाराचा प्रत्येक शब्द आधी पाहून मंजूर करावा. 'प्रत्येक शब्द'पाशी अप्पांचं बोट थांबलं आणि त्यांना मी आठवलो.

"सर, नही म्हनू नका," अप्पा फोनवर म्हणाले. "तुमनं नाव जिल्हाले धाडी बी दिधं."

अप्पा मावळते तालुकाध्यक्ष. मावळण्याचं काम ते गेली कित्येक वर्षं निष्ठेने करत आहेत.

माझ्याबरोबर दुसरे सदस्य वकीलसाहेब. तालुका कोर्टात दिवाणी दावे चालवून त्यांना तारखेची सवय झालेली, त्यामुळे समितीची बैठक कधी संपावी असं त्यांना वाटतच नाही. तिसरा फ्लेक्सवाला. हा माझा माजी विद्यार्थी. त्याला का घेतलं, तर प्रचाराचे सगळे फ्लेक्स शेवटी त्याच्याच मशीनवर निघणार, मग बाहेरच्या बाहेर मंजुरीचं काम सोपं होईल, असा अप्पांचा विचार. ते सोपं झालंच, पण कोणाला, ते पुढे येईल.

पहिल्या बैठकीत वकीलसाहेबांनी लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 काढला. कलम 127-अ. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी म्हटलं, वकीलसाहेब, हे लोकसभा-विधानसभेसाठी आहे, आपल्या तालुकाध्यक्षासाठी कोण कैदेत टाकणार? ते म्हणाले, "तत्त्व लागू होतं." फ्लेक्सवाल्याने हे तत्त्व इतक्या आनंदाने स्वीकारलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी एका उमेदवाराचा, आबांचा, पहिला फ्लेक्स आला. आबांचं नाव मधे, आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत दुकानाचं नाव, पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि 'लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड व रेडियमची कामे करून मिळतील'. कायद्याप्रमाणे सगळं बरोबर होतं.

आबा आणि बापू हे दोन उमेदवार. आबांचा मंडप डेकोरेशनचा धंदा, बापू विकास सोसायटीचे चेअरमन. बिनपगारी पदासाठी दोघं इतके का झटत होते? कारण पुढे नगरपालिका येणार. पक्षाचं चिन्ह मिळायला एबी फॉर्म लागतो, तोही शाईच्या सहीचा, झेरॉक्स चालत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचावा लागतो. त्या दुपारी तालुक्यात ज्याच्या बॅगेत तो कागद असतो त्याला चहा कोण पाजत नाही!

नियमावली कुठून आणायची, हा प्रश्न होता. वकीलसाहेबांनी काँग्रेसच्या 2022 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे नियम छापून आणले. चांगलं असेल ते शेजाऱ्याचंही घ्यावं म्हणाले. त्या निवडणुकीसाठी त्या पक्षाचं स्वतःचं केंद्रीय निवडणूक प्राधिकरण होतं. त्याने सांगितलं होतं की पदाधिकाऱ्याला कोणाचा प्रचार करायचा असेल तर आधी पदाचा राजीनामा द्यावा. हे वाचताच खोलीत शांतता पसरली. आमच्या तालुक्यात पद नसलेला कार्यकर्ता जाहिरात देऊन शोधावा लागेल. सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, सोशल मीडिया प्रमुख, सहप्रमुख, आणि काही 'विशेष निमंत्रित' जे न बोलावता येतात. हे कलम 'पुढील बैठकीत विचारार्थ' ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

मतदारांना गाडीने आणू नये, हा नियम मात्र दोन्ही बाजूंनी मान्य केला. गाड्या बोरीच्या पुलाअलीकडे थांबवायच्या आणि तिथून लोकशाही पायी आणायची, असं ठरलं.

आणखी एक नियम होता: प्रदेशाध्यक्षांनी उमेदवारांना बैठकीसाठी सभागृह, खुर्च्या आणि माइक पुरवावा. इथे गाडी रुतली. अमळनेरात ज्या खुर्च्या मोकळ्या मिळतात त्या आबांच्या. बापू घरी आले.

"सर, त्यासना खुर्चीवर बठीसन मी त्यासनाच इरोधमा बोलू का?"

शिवाय प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगाने 'आबा मंडप' लिहिलेलं. ते प्रचार साहित्य ठरतं की नाही, यावर वकीलसाहेबांनी दीड तास युक्तिवाद केला, तोही दोन्ही बाजूंनी, कारण समोर दुसरा वकील नव्हता. शेवटी खुर्च्यांना पांढरी कव्हरं घालावीत असा ठराव झाला. कव्हरं भाड्याने आणली. आबांकडूनच.

मतपत्रिकेचंही तेच. त्या 2022 च्या निवडणुकीत पसंतीच्या नावापुढे आधी '1' लिहायचं ठरलं होतं. थरूर यांच्या बाजूने हरकत घेतली की 1 म्हटल्यावर मतदाराचा गोंधळ होईल, म्हणून बरोबरची खूण करायची असं बदललं. खर्गे यांना 7,897 मतं पडली, थरूर यांना 1,072, आणि 416 बाद झाली. देशभरातून निवडलेले प्रतिनिधी, एक खूण करायची, तरी 416 बाद! वकीलसाहेबांनी यावरून रबरी शिक्क्याचा आग्रह धरला. शिक्का बनवायची ऑर्डर फ्लेक्सवाल्याने तिथल्या तिथे घेतली.

खरा छळ श्रावणात सुरू झाला. टीव्हीवर राजकीय जाहिरात दाखवण्याआधी आयोगाच्या माध्यम समितीकडून ती प्रमाणित करून घ्यावी लागते आणि पक्षाने त्यासाठी तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो. आम्हीही तीच मुदत ठेवली: प्रचाराचा कुठलाही मजकूर तीन दिवस आधी समितीपुढे. दोन्ही उमेदवारांनी सही केली. मग नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशची कानबाई देवी बसली आणि चौकाचौकात आबा उगवले. 'कानबाई मातेच्या उत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!' कानबाई कोपऱ्यात, आबा बाकी सगळीकडे. बोलावून विचारलं तर म्हणाले, हा प्रचार नाही, श्रद्धा आहे. श्रद्धेला तीन दिवस आधी अर्ज करायला लावणारी समिती या गावात दुसऱ्या दिवशी शिल्लक राहिली नसती.

बापू पोळ्याची वाट पाहत होते. त्यांनी सर्जा-राजासह फोटो काढला. बैल पुढे, बापू मागे, मजकूर 'शेतकरी राजाला शुभेच्छा'. बैल बापूंपेक्षा मोठे दिसत असल्यामुळे त्याला बापूंचा प्रचार म्हणायला समितीला जागाच राहिली नाही. नंतर श्रद्धांजल्या निघाल्या. गावात कोणीही गेलं की संध्याकाळपर्यंत हात जोडलेले दोन्ही उमेदवार, आणि मधे कुठेतरी बारीकसे मयत. त्यातल्या एकांचं नाव आमच्या मतदारयादीत होतं, हे वकीलसाहेबांना फ्लेक्स वाचूनच कळलं.

फोटोंचा क्रम हा वेगळा विषय आहे. वरच्या पट्टीत देशाचे नेते, सुपारीएवढे. त्याखाली राज्याचे, जरा मोठे. मग जिल्ह्याचे. नेता जितका लांबचा तितका गोल लहान, आणि खाली कानाला मोबाइल लावलेला वॉर्डातला पोरगा पुरुषभर. तक्रार आली की आबांच्या फ्लेक्सवर माजी आमदारांचा गोल आजी आमदारांच्या गोलापेक्षा मोठा आहे. आम्ही पट्टी लावून मोजला. होता. आबा म्हणाले, चेहराच मोठा आहे, मी काय करू? बापूंच्या फ्लेक्सवर तर माजी आमदार नव्हतेच, आणि नसण्याचा अर्थ असण्यापेक्षा जास्त लोकांना कळला. फ्लेक्सवाल्याने तोडगा काढला: एक गोल रिकामा ठेवायचा, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. ज्याला जो हवा तो त्यात पाहील. तो फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी रिकाम्या गोलात नक्की कोण आहे यावरून पैलाडला दोन गट समोरासमोर आले.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की फ्लेक्सवाला समितीत सगळ्यांत कडक आहे. "सर, 'शुभेच्छुक' पाहा जरा. अर्धा 'च' गळलाय." मजकूर नामंजूर, फ्लेक्स पुन्हा छापा. टाइप कोण करतं? त्याचंच दुकान. सकाळी दुकानात जी चूक टाइप व्हायची ती संध्याकाळी समितीत त्यालाच बरोबर सापडायची. शाळेत हा पोरगा ऱ्हस्व-दीर्घात कायम नापास होता. त्याला एवढी दृष्टी कधी आली म्हणून मला आधी अभिमानच वाटला होता.

आबांच्या पत्रकात एक ओळ होती: 'आजोबांनी फैजपूर अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून सेवा केली.' आमच्या जिल्ह्यात फैजपूरचं नाव घेतल्याशिवाय कोणाचं भाषण सुरू होत नाही, आणि व्हावं तरी का? काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर 1936, अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. त्यामुळे ओळ चांगली होती. फक्त आजोबांचा जन्म 1934 चा, हे आबांनीच जोडलेल्या दाखल्यावर होतं. मी विचारलं, दोन वर्षांचा स्वयंसेवक?

"मंग काय झायं? त्यासनी माय लयी गयथी त्यासले!"

ओळ बदलून 'बालपणीच अधिवेशनास उपस्थिती' अशी केली. मंजूर.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. आयोगाने 2013 मध्येच सोशल मीडिया आपल्या नियमांत घेतला, मग आम्ही मागे कसे राहणार? अधिकृत ग्रुप काढला, फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा. लोकांना अंगठा तेवढा देता येई, मग अंगठ्यांवरूनच अंदाज बांधले जाऊ लागले. स्टेटसवर आमचं नियंत्रण नव्हतं. मंजुरीसाठी मजकूर मात्र माझ्या खासगी नंबरवर यायचे, रात्री-अपरात्री. सौ. एकदा झोपेतून उठून म्हणाली, "अहो, नोकरीत असताना रात्री साडेबाराला तुम्हाला कोणी अनुस्वार विचारला होता का?"

आणि प्रचार होत होता तो सगळा धुळे रस्त्यावरच्या ढाब्यावर. एक दिवस आबांची शेवभाजी, एक दिवस बापूंची. शेवभाजीच्या रश्श्यावर मजकूर नसतो, त्यामुळे तो समितीपुढे येत नाही. मतदार दोन्हीकडे जेवत होते आणि तिखट कोणाचं जास्त यावर मोकळेपणाने मत देत होते. त्या मतात एकही बाद नव्हतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जळगावहून निरीक्षक आले. त्यांना मुंबईहून फोन आला, त्यांनी आत जाऊन अप्पांना फोन दिला, अप्पांनी बाहेर येऊन आबा-बापूंना आत नेलं. चहा थंड व्हायच्या आत आबा अध्यक्ष, बापू कार्याध्यक्ष आणि अप्पा मार्गदर्शक. कार्याध्यक्ष हे पद तोवर पक्षाच्या घटनेत नव्हतं, पण वकीलसाहेब म्हणाले, तत्त्व लागू होतं. निरीक्षकांनी भाषणात फैजपूरपासून सुरुवात केली आणि समितीच्या निष्पक्षपणाचं कौतुक केलं. मतपत्रिकांचा गठ्ठा घरी आणला. मागची बाजू कोरी असल्यामुळे सौ. त्यावर किराण्याच्या याद्या करते.

आठवड्याने फ्लेक्सवाला बिल घेऊन आला. मूळ फ्लेक्स, दुरुस्त फ्लेक्स, फेरदुरुस्त फ्लेक्स, रबरी शिक्का. आबा-बापूंनी हात वर केले होते: नामंजूर समितीने केलं, पैसे समितीने द्यावेत. बिलावर माझं नाव होतं, 'समीती अध्यक्ष' म्हणून, 'मी' दीर्घ. मी वकीलसाहेबांना फोन लावला. ते लगेच आले, बिल चष्म्याजवळ धरून वाचलं आणि म्हणाले की हासुद्धा छापील मजकूरच आहे, तेव्हा तो छापण्याच्या तीन दिवस आधी समितीपुढे यायला हवा होता. मी अनुमोदन दिलं. तिसऱ्या सदस्याचं मत विरोधात नोंदवून ठराव बहुमताने मंजूर झाला.