मोबाइलवर स्कोअर कळतो, पण पान?

एका लेखात म्हटलंय, स्कोअर मोबाइलवर कळतो म्हणून वर्तमानपत्रातलं क्रीडापान संपलं. अर्धंच खरं. मी वर्तमानपत्रात पानं लावायचो, म्हणजे बातम्या-फोटोंची मांडणी करायचो. 2024ची टी-20 विश्वचषकाची फायनल बार्बाडोसला होती, आपल्याकडे संपायला साडेअकरा वाजले. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान त्याआधीच सोडावं लागतं. शहर आवृत्तीसाठी मात्र दोन पानं तयार: एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. धावफलकाची जागा मोकळी, फोटोची चौकट आठ कॉलम, म्हणजे पानभर रुंद. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला आणि सगळी मांडणी मोडली, कारण त्या झेलाला उभा फोटो हवा होता! असं पान मोडून दहा मिनिटांत पुन्हा बांधण्यात जी मजा, ती टेम्प्लेटमध्ये मजकूर ओतण्यात नाही.

आता बऱ्याच ठिकाणी एकाच केंद्रातून सगळ्या आवृत्त्यांची पानं लागतात. न्यूयॉर्क टाइम्सनेही 2023मध्ये स्वतःचा क्रीडा विभाग बंद केला, तिथे आपलं काय घेऊन बसलात! माझी खरी तक्रार वेगळी आहे. पानं कमी झाली की आधी कात्री लागते तालुक्याच्या कबड्डीला आणि शालेय खो-खोला. कोहलीचा स्कोअर कुठेही मिळेल, पण त्या पोरांची नावं छापणार कोण?