सैंधवातही सोडियमच असतं

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या काकूंनी एक मेसेज मनावर घेतला, म्हणून लिहितेय. तुमच्याकडेही तो आला असेल: ‘पांढरं मीठ विष आहे. सैंधवात सोडियम नसतं, कितीही खा, बीपी वाढत नाही. महिन्याभरात गोळी सुटेल.’

‘सोडियम नसतं.’ सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. त्यात 95 टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराईडच असतं. रंग गुलाबी दिसतो तो किंचित खनिजांमुळे. रक्तदाबाला त्याचा काही उपयोग नाही. उलट आयोडीन मात्र हातचं जातं.

‘कितीही खा.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. त्यात दिवसभराचं सगळं आलं. परवा रविवारी काकूंकडे मिसळ होती. रस्सा सैंधवाचा, म्हणून त्या निर्धास्त. पण वर मूठभर शेव-फरसाण, बाजूला उडदाचा पापड (त्यात मीठ असतंच, शिवाय पापडखारातही सोडियम), पावातही मीठ, वर लोणच्याची फोड. शेवटी ताकाचा पेला पुढे ओढून ‘सैंधवच आहे गं’ म्हणत त्यांनी आणखी दोन चिमटी घातल्या. मीठ बदललं आणि हातही सैल सुटला.

‘गोळी सुटेल.’ आहाराने रक्तदाब उतरतो, हे अगदी खरं. अमेरिकेत 412 जणांवर झालेल्या डॅश-सोडियम चाचणीचे निष्कर्ष 2001 साली आले. नेहमीचं जेवण आणि जास्त मीठ यांच्या तुलनेत भरपूर फळं-भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही आणि कमी मीठ घेतल्यावर बीपीच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी 11.5 ने कमी झाला. कमी झालेलं मीठ साधंच होतं. गोळीचं म्हणाल, तर घरी मोजलेले आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा तर ते करतील. काकूंनी परस्पर बंद केली आणि तिसऱ्या आठवड्यात वरचा आकडा 170 वर गेला.

बाजारात ‘लो सोडियम’ मीठही मिळतं. त्यात पोटॅशियम असतं, म्हणून किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीची काही औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

काकूंची गोळी पुन्हा सुरू झालीय. मिसळही होते, पण आता मटकी जास्त, फरसाण नावाला, आणि पापडाच्या जागी कांदा, काकडी, लिंबाची फोड.